ओच्यातल्या चिठ्ठ्या

१२ डिसेंबर १९८३

डॉक्टरांनी मुंबईतून हाकललं. कावीळ. कॉलेज बंद, प्रयोगशाळा बंद, तेल-तूप बंद. बायको सुमनची शाळेतली नोकरी चालू असल्याने माझी एकट्याची रवानगी गावी, दादाकडे. कर्जत स्टेशनवरून टांगा. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमचं घर, पुढे शेतं, मागे डोंगर. भात झोडून झालंय, त्याच ओलीवर वाल लावलेत.

आल्या आल्या वहिनीने डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणे. कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा प्राध्यापक आणि डोक्यावर माळ. काढली नाही. वहिनीशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या घरात अजून झालेला नाही.

१४ डिसें.

मृणालच्या प्रबंधाचा टाइप केलेला मसुदा बरोबर आणलाय. माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी, आणि सर्वांत हट्टी. जानेवारीअखेर प्रबंध विद्यापीठात दाखल करायचा. केला तर औरंगाबादच्या कॉलेजात लेक्चररची जागा तिची. नाही केला तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. वडील निवृत्त झालेत, घरात कमावतं कोणी नाही. हे तिने मला सांगितलेलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

मसुदा वाचायला घेतला. दोन पानांत डोळे मिटले. उसाचा रस, भात, उकडलेला दुधी. पुन्हा झोप.

१७ डिसें.

दादाने विचारलं, तू करतोस काय ते एकदा नीट सांग रं.

म्हटलं, साधा कॉम्प्युटर म्हणजे कचेरीतला एक कारकून. समोर हुकमांची चवड. एक हुकूम उचलायचा, पुरा करायचा, मग पुढचा. कितीही चपळ असला तरी एकच माणूस. आमचं यंत्र बिनकारकुनी. तिथे हुकूम कोणी द्यायचा नाही. बेरजेला लागणारे दोन्ही आकडे येऊन पोचले की बेरीज आपोआप सुरू. जिथे जिथे जोडी जमली तिथे तिथे एकाच वेळी कामं चालू.

"आन् एकच आकडा आला तर?"

"तर तो जोडीदाराची वाट बघत थांबतो."

"कुठं थांबतो?"

दादा भातशेतीतला माणूस, जागेचा प्रश्न त्याला आधी सुचतो. मृ.चं सगळं चौथं प्रकरण याच प्रश्नावर आहे. एकट्या आकड्यांनी थांबायची जागा यंत्रात ठरावीकच असते. ती जागा अमुक इतकी असली की यंत्र कधीच अडकत नाही, हे मृ.ने सिद्ध केलंय. प्रबंधाचा जीव त्या प्रमेयात.

हे सांगून होईस्तोवर दादा उठून चौक गावच्या गॅरेजात पंप दुरुस्तीला टाकायला निघून गेला होता.

१९ डिसें.

पडून पडून कंटाळलो. इथे कॉम्प्युटर नाही, वीज येते-जाते. पण माणसं आहेत. दुपारी ओटीवर वाल सोलायला वहिनी, शेजारच्या हिराकाकू आणि पुतण्याची बायको शोभा बसतात. हात चालू, तोंडं चालू. मनात आलं, यांनाच यंत्र का करू नये?

जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर आकडा आणि एक खूण. दोन चिठ्ठ्यांची खूण सारखी, की ती जोडी. पाटावर वाट्या मांडल्या. तिथे वहिनी. शोभा रांगेतली पहिली चिठ्ठी वहिनीला देणार. तिची जोडी एखाद्या वाटीत असली तर दोन्ही चिठ्ठ्या हिराकाकूंकडे, त्या बेरीज करून उत्तराची नवी चिठ्ठी रांगेच्या शेवटी ठेवणार. जोडी नसली तर आलेली चिठ्ठी रिकाम्या वाटीत बसून राहणार. एका वाटीत एकच चिठ्ठी. नियम एवढेच.

हिराकाकू म्हणाल्या, "सदाभाऊ, काविळीनं डोकं पन पिवळं झालं का रं?" पण बसल्या. बेरजा तोंडी, माझ्यापेक्षा भराभर. उत्तर बरोबर आलं.

२१ डिसें.

रोज दुपारी खेळ. वहिनी त्याला चिठ्ठ्यांचा दवाखाना म्हणते, कारण सगळे वाट बघत बसलेले असतात. बायका वाल सोलता सोलताच खेळतात. मी उशाला टेकून बघतो आणि लिहून घेतो. बरं वाटतंय. खरं तर वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

२४ डिसें.

आज वाट्या कमी केल्या. मृ.च्या प्रमेयाला लागतात त्याहून कमी. अडकायला हवं होतं. अडकलं नाही! आणखी एक काढली. तरी नाही. उत्तर बरोबर.

याचा अर्थ प्रमेय तिला वाटतं त्याहून भक्कम आहे. तिने जी मर्यादा काढली ती गरजेपेक्षा ढिली. यंत्राला जागा कमी लागली तर ते बांधायला सोपं. समितीसमोर हेच सांगता येईल. जेवण गेलं नाही, आनंदाने. वहिनीला वाटलं कावीळ उलटली.

२६ डिसें.

दादाबरोबर बैलगाडीने कर्जत. पोस्टातून ट्रंक कॉल. अर्धा वेळ "हॅलो, हॅलो". मृ.ला ओरडून सांगितलं, वाट्या कमी लागतात, तुझं प्रमेय आणखी आवळता येईल, बघ. तिकडून ती हसली. फार दिवसांनी ऐकलं तिचं हसू. म्हणाली, सर, मग चौथं प्रकरण पुन्हा लिहिते, अजून महिना आहे.

पोस्टातली रांग माझ्याकडे बघत होती. वाट्या कमी लागतात म्हणून इतका हर्ष झालेला माणूस त्यांनी पाहिला नसेल.

२९ डिसें.

लिहायला हात जात नाही, पण लिहितो.

खेळ चालू होता. वाट्या भरलेल्या. वासरू सुटून वालात शिरलं म्हणून वहिनी झटकन उठली आणि तिच्या लुगड्याच्या ओच्यातून चिठ्ठ्या खाली पडल्या. तीन-चार नाही, चांगली ओंजळभर.

मी विचारलं, या इथे कशा?

वहिनी वासराला बांधून आली. "वाट्या भरल्या की मी वच्यात घेत व्हती. जोडीदार आला का काढून देत व्हती."

"पण असं कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दारात आलेल्याला जागा नाय म्हनून उभं ठेवायचं का, भाऊजी?"

शोभा खाली बघत होती. तिला माहीत होतं. हिराकाकूंनाही माहीत होतं. त्या तर रांगेतली मागची चिठ्ठी पुढे सरकवत होत्या, पुढची अडली की. तिघींनी मिळून यंत्र सांभाळलं. अडकू दिलं नाही. मला बरं वाटावं म्हणून नव्हे हो, तशी सवयच त्यांच्या हाताला. लग्नकार्यात पंगतीला जागा नसली तर ही बाई पाहुण्याला चुलीशी पाट मांडून देते, परत पाठवत नाही.

रागावता येईना. हसताही येईना.

३० डिसें.

आज सक्त ताकीद दिली. ओचा नाही, रांग मोडायची नाही. मृ.च्या प्रमेयाप्रमाणे पूर्ण वाट्या मांडल्या, एकही कमी नाही.

पहिला डाव निघाला. दुसराही. तिसऱ्याला अडकलं. सगळ्या वाट्यांत एकेक चिठ्ठी, प्रत्येक जण जोडीदाराची वाट बघतोय. जोडीदार बाहेर रांगेत, पण सर्वांत पुढे नाहीत. पुढची चिठ्ठी भलतीच, तिला बसायला वाटी नाही. ती हलत नाही म्हणून मागचे हलत नाहीत. मागचे हलत नाहीत म्हणून वाट्या रिकाम्या होत नाहीत.

वहिनीचा हात दोनदा ओच्याकडे गेला. मी नुसतं बघितलं. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "असलं कसलं वो तुमचं यंत्र? माणुसकी नाय त्याला."

म्हणजे पूर्ण वाट्यांनीही अडकतं. प्रमेय खोटं आहे.

१ जानेवारी १९८४

चौथं प्रकरण तीनदा वाचलं. सापडलं. सिद्धतेत मधेच एक ओळ आहे: "येणाऱ्या आकड्यांचा क्रम बदलला तरी निष्कर्षात फरक पडत नाही, म्हणून ते सोयीच्या क्रमाने आले असे धरू." उत्तरात फरक पडत नाही हे खरं. पण अडकण्यात पडतो. कागदावर रांग मोडायला काही लागत नाही, लोखंडात आणि तांब्यात लागतं. हिराकाकू करत होत्या तेच मृ.च्या सिद्धतेने केलंय, फक्त इंग्रजीत.

त्या ओळीशेजारी माझ्या लाल पेन्सिलीची, मुंबईतच केलेली बरोबरची खूण आहे.

तिकडे ती आता हे प्रमेय आणखी आवळत बसली असेल. माझ्या सांगण्यावरून.

३ जाने.

दादाला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. तो विडी विझवून म्हणाला, "तुला नाय दिसलं. तिला नाय दिसलं. मंग तिसऱ्याला कसं दिसंल रं? पोरीची नोकरी घालवू नको."

हा विचार मला त्याच्याआधी आला होता. हे इथे लिहून ठेवतो, बाकी कुठे लिहिणार नाही. परीक्षक दोन. एक तर फक्त प्रस्तावना वाचतो. दुसरा चौथं प्रकरण वाचेल, पण ती ओळ इतकी निरागस आहे की कोणीही पुढे जाईल. मी गेलोच की.

ताप नाही. डोळे जवळजवळ पांढरे. तरी अंथरुणावरून उठावंसं वाटत नाही.

५ जाने.

कर्जत. ट्रंक कॉल. मृ. म्हणाली, सर, एक वाटी आणखी कमी होईल असं दिसतंय. आवाजात कोण उत्साह. पोस्टात माणसं खेटून उभी. ओरडून कसं सांगू, की तुझी तीन वर्षं एका ओळीवर उभी आहेत आणि ती ओळ पोकळ आहे? म्हटलं, इकडे ये, येत्या रविवारी. दाखवायचंय काहीतरी.

"चांगलं की वाईट?"

लाइन तुटली. की मी फोन ठेवला. ठेवलाच.

८ जाने., रविवार

मृ. आली. टांग्यातून उतरून आधी वहिनीच्या पाया पडली, त्यामुळे वहिनी खलास.

मी काही सांगितलं नाही. तिला वहिनीच्या जागी पाटाशी बसवलं, नियम सांगितले. नियम तिचेच. हसली. शोभा चिठ्ठ्या देऊ लागली. पहिले डाव निघाले. मग अडकलं.

ती वाट्यांकडे बघत राहिली. मग रांगेकडे. वहिनीला राहवेना. "अगं, घे ना वच्यात! बघतेस काय?"

"नाही घेता येत, वहिनी," मृ. म्हणाली. अगदी हळू.

मग तिने सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, पुन्हा पहिल्यापासून मांडल्या, स्वतः एकटीने डाव चालवला. त्याच जागी अडकलं. मसुदा मागितला. ती ओळ तिने माझ्यापेक्षा लवकर काढली.

नंतर बराच वेळ बायकांबरोबर वाल सोलत बसली.

संध्याकाळी दादाने पाहुणी आली म्हणून शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे. मडकं उपडं घालून भोवती जाळ. मला पथ्य, मी नुसता बघ्या. मृ. जाळाकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "फोनवर का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"आणि सव्वीस तारखेला सांगायला झाला!"

बरोबर बोलली. दादाने तिच्यापुढे शेंगांचं पान सरकवलं. "खा गं पोरी, गार झाल्यावर मजा नाय." तिने खाल्लं. भूक लागली होती बिचारीला.

९ जाने.

सकाळी निघायच्या आधी ओटीवर बोलणं झालं. यंत्राला ओचा लावायचा का? म्हणजे वाट्या भरल्या की जादा आकडे ठेवायला वेगळी जागा. लावता येईल. पण ती तरी किती मोठी? तीही भरली तर? कागदावर हिशेब मांडून बघितला. कुठला आकडा किती वेळ थांबेल हे गणितागणिक बदलतं. ठरावीक मर्यादा निघत नाही. निघेल कदाचित, पण जानेवारीत नाही. एखाद्या वर्षात, किंवा कधीच नाही.

म्हटलं, मुदत वाढवून मागू. मी लिहितो विद्यापीठाला.

"आणि औरंगाबाद?"



तिने मसुदा पिशवीत घातला. काय करणार, विचारलं नाही. वहिनीने बिरड्यासाठी वालाचा पुडा बांधून दिला.

१४ जाने., संक्रांत

कावीळ उतरली म्हणे. माळ विहिरीजवळच्या झाडावर टाकून झाली. तिळगूळ वाटायला गावातले येऊन गेले. मृ.कडून काहीच नाही.

खेळ बंद. बायका वाल सोलतात. शोभाने विचारलं, आज चिठ्ठ्या नाय का, काका? म्हटलं, नाही. ती म्हणाली, आमचं चुकलं का? मला फार वाईट वाटलं. म्हटलं, चुकलं नाही गं. तुम्ही केलं नसतं तर मी इथे बसून काहीच शिकलो नसतो. तिला पटलं नसावं.

२० जाने.

कर्जतला एकटा गेलो. ठरवून गेलो होतो की मृ.ला सांगायचं, जसा आहे तसा दाखल कर. नोकरीवर रुजू हो. चूक आपण नंतर दुरुस्त करू, लेख लिहून, दोघांच्या नावाने. जगात असं चालतं. नंबर लावायला सांगितला. बाकावर बसलो. माझ्या नावाने हाक आली तेव्हा उठून म्हटलं, रद्द करा.

का रद्द केलं, याचा मोठेपणा घेत नाही. माझं तत्त्व वगैरे नव्हतं. ती "बरं" म्हणाली असती तर मला सहन झालं नसतं, आणि "नाही" म्हणाली असती तर तोंड दाखवता आलं नसतं. माझी ही पोटची पोर नाही, तरी ती कुठेतरी नीट पोचावी असं इतकं वाटतं की बुद्धी चालत नाही.

२६ जाने.

शाळेत झेंडावंदन. मास्तरांनी मला कॉम्प्युटरवर चार शब्द बोलायला लावलं. मुलांना सांगितलं, कॉम्प्युटर कधी चुकत नाही. घरी येताना वाटलं, काय बोलून आलो आपण.

सुमनचा निरोप: पुढच्या आठवड्यात ये, डॉक्टर हो म्हणालेत.

२९ जाने., रविवार

दुपारी टांगा थांबला. मृ. बांधलेल्या प्रती घेऊन आली. काळा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही हवी. उद्या दाखल करणार.

चौथं प्रकरण उघडायला भीती वाटली. उघडलं. प्रमेय नाही. त्याच्या जागी दोन पानं. पहिल्या पानावर लिहिलंय की अशी मर्यादा आहे असं आम्ही समजत होतो, ती सिद्धता चुकीची आहे, चूक या ओळीत. ती ओळ जशीच्या तशी. दुसऱ्या पानावर अडकलेल्या यंत्राची आकृती, जितकी लहान करता येईल तितकी लहान. खाली एक वाक्य: याला बाहेरची किती जागा पुरेल, हे आम्हांला माहीत नाही.

बाकी प्रकरणं तशीच. पण मधला कणा काढलेला.

म्हटलं, "मृणाल, परीक्षक विचारतील, मग यात राहिलं काय?"

"मी पण स्वतःला हेच विचारलं, सर. दहा दिवस." मग म्हणाली, "राहिलंय तेवढं तपासून ठेवलंय मी. त्यातलं काही त्या ओळीवर उभं नाही."

"परत पाठवतील. नोकरी जाईल."

"दाखल केल्याची पावती मिळाली की रुजू करून घेतात. नंतर परत पाठवलं तर काढतील." तिने प्रती एकावर एक सारख्या केल्या. "तोवर आईला औरंगाबाद दाखवून होईल."

मी पेन उघडलं. इतकी वर्षं ह्या छापील मजकुरावर सह्या करत आलो, कधी वाचला नाही. आज वाचला. "या प्रबंधातील काम उमेदवाराने स्वतः केले असून ते माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे."

पहिल्या प्रतीवर सही केली, दुसरीवर केली. तिसऱ्या प्रतीला हात थांबला, कारण डोळे भरून आले होते आणि शाई पसरली असती. ती वाट बघत उभी राहिली. मग तीही केली.

टांग्यापर्यंत पोचवायला गेलो. प्रती मांडीवर घट्ट धरून बसली होती. परीक्षक दोघेही माझ्या ओळखीचे. दुसरा आता ती दोन पानं वाचणारच, आणि तो कोणाचीही भीड ठेवणारा नाही, हे मला माहीत आहे. तिलाही आहे.